किटलीला वास येत होता का?

पावट्याच्या शेंगांचे ढीग रस्त्याकडेला दिसायला लागले की बंगळूरला थंडी आली असं मी समजतो. इथं त्यांना अवरेकाई म्हणतात. गाडीवाला पोतं उलटं करतो आणि शेंगांचा तेलकट, ओला, हिरवा वास उठतो. हाताला लागला की साबणानंही जात नाही. जिला तो वास जास्त ती शेंग चांगली, असं इथल्या बायका सांगतात. परवा मी दोन किलो घेतल्या. पिशवी छातीशी धरली, वास नाकात गेला आणि मी तिथंच उभा राहिलो. मागून मोबाइलमध्ये बघत येणारी एक पोरगी मला धडकली. "सॉरी अंकल" म्हणाली. तिला काय सांगणार? मला मागची थंडी आठवली होती. आणि ती आठवली की माझा गोंधळ होतो. एका वासाचा गोंधळ. वर्ष झालं, सुटत नाही.

माझ्या नाकावर माझा फार भरवसा होता. सगळं आयुष्य माणदेशात शेळ्यांच्या मागं गेलं. दुधाला नाक लावलं की शेळी काय खाऊन आली ते सांगायचो. बाभळीच्या शेंगा खाल्लेली वेगळी, लिंबाचा पाला ओरबाडलेली वेगळी. कुणाचं दूध नासलं की लोक भांडं घेऊन माझ्याकडं यायचे, कशानं नासलं ते विचारायला. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. थोडा मोठेपणाही आहे, असू दे.

मागच्या वर्षी याच दिवसांत माझी बायको हिरा दवाखान्यातून घरी आली. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. गेली तेव्हा अंगानं भरलेली बाई. आली ती अशी, की गाडीतून उतरवताना आमच्या मुलानं, दत्तानं, तिला अलगद उचललं आणि त्याचंच तोंड उतरलं. तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. पिशवीतलं दूध दोन घोट गेलं की परत बाहेर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जे ठरेल ते द्या, दूध दिलं तर नीट उकळून द्या, पण वजन वाढलं पाहिजे, नाहीतर पुन्हा भरती करावं लागेल. दर सोमवारी दत्ता तिला वजनकाट्यावर उभी करायचा. आकडा थांबेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.

"बाजारात उभी केल्यावानी वाटतंय," हिरा म्हणायची. ती म्हणायची म्हणून आम्ही हसायचो.

एका दुपारी ती पडल्यापडल्या छताकडं बघत म्हणाली, "शेळीचं दूध मिळंल का हो हितं?"

"मिळंल का म्हंजे?" मी म्हणालो. "मी हाय न्हवं?"

आम्ही गाव सोडून मुलाकडं आलो त्याला दहा वर्षं होत आली. दत्ता सरकारी संशोधनाच्या कचेरीत इंजिनिअर आहे. सून केतकी पुण्याची, ती घरात बसून कंपनीचं काम करते, दिवसभर कानाला यंत्र लावून बोलते. माणसं चांगली आहेत. पण मला जे येतं ते या घरात दहा वर्षांत कुणाला लागलं नव्हतं. नळ गळला तरी फोनवरून माणूस येतो. त्या दुपारी हिरानं शेळीचं दूध मागितलं आणि माझ्या गुडघ्यांत बळ आलं. मी लगेच चप्पल घातली.

हेब्बाळच्या तळ्यामागं, दोन उंच इमारतींच्या मधोमध एक रिकामा प्लॉट आहे. तिथं मुनियम्माचं पत्र्याचं घर आणि तिच्या आठ शेळ्या. आमच्या घरापासून चालत अर्धा तास, मधे पुलाखालचा तो मोठा रस्ता. फिरायला जायचो तेव्हा तिला लांबून बघितलं होतं, बोललो कधी नव्हतो. ती कानडी बोलते, माझी कानडी बाजारापुरती, आणि जिथं अडेल तिथं दोघांचीही मोडकी हिंदी. त्यामुळं आमचं बोलणं मी इथं बहुतेक मराठीतच लिहितो.

"हालु यारिगे, ताता?" तिनं विचारलं. दूध कुणाला, आजोबा?

"बायकोला. ऑपरेशन झालंय." मी पोटावर बोटानं रेघ ओढून दाखवली.

"अय्यो! या वयात बायको? अज्जी म्हणा की." आणि ती हसली. मग एका शेळीच्या कासेवरून हात फिरवत म्हणाली, "आधी पिल्लांचं, मग अज्जीचं. सरी?"

"सरी," मी म्हणालो.

दूध आणायला भांडं हवं होतं. गावाकडची आमची पितळी किटली गावातच राहिली. दत्ता म्हणाला, "आबा, फोनवरून मागवतो, उद्या येईल." भांडं हातात घेतल्याशिवाय, टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय कसलं मागवतोस? मी मेट्रोनं चिकपेटला गेलो. भांड्यांच्या गल्लीत एका दुकानदारानं मला स्टीलची किटली दाखवली. झाकणाला आतून काळं रबर. त्यानं तिच्यात पाणी भरलं, झाकण दाबलं आणि गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर किटली सरळ पालथी केली. थेंब सांडला नाही. मला ती जादूच वाटली. येताना मेट्रोत किटली मांडीवर घेऊन बसलो होतो, नातू घेऊन बसावं तशी.

आता भांडं कसं ठेवायचं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आईनं मला अक्षर शिकवलं नाही, तिला येतच नव्हतं. भांडं धुवायला मात्र शिकवलं. दुधाचं भांडं आधी गार पाण्यानं विसळायचं. आधीच गरम घातलं तर दूध पत्र्याला धरतं, डोळ्याला न दिसणारा थर बसतो आणि तो पुढचं दूध नासवतो. गारनंतर कडक पाणी, मग राखेनं घासणं. आठवड्यातून एकदा चिंचेचा कोळ लावून पांढरा थर काढायचा. धुतल्यावर फडक्यानं पुसायचं नाही, उन्हात पालथं घालायचं, खाली दोन काड्या, म्हणजे आत वारा जातो. गाळायचं फडकं रोज उकळायचं. दूध घरात आलं की किटली गार पाण्याच्या परातीत, भोवती ओलं फडकं. आणि काही झालं तरी कालच्या दुधात आजचं ओतायचं नाही. कोमट आणि गार एकत्र केलं की दोन्ही जातात.

केतकीचं निराळं. "आबा, परात कशाला? फ्रीज आहे ना. आधी बॉइल करायचं, पटकन थंड करायचं, काचेच्या बाटलीत भरायचं आणि वर डेट लिहायची. दारात नाही ठेवायची हं बाटली, आतल्या कप्प्यात. दार सारखं उघडतं."

"दुधावर तारीख लिवायची? दूध काय सातबारा हाय?"

"मग कालचं कुठलं आणि आजचं कुठलं, कसं कळणार?"

"नाकानं."

ती हसली आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिली. आज वाटतं, ती सांगत होती ते आणि आई सांगायची ते एकच होतं. स्वच्छ ठेवा, लवकर गार करा, मिसळू नका. मग आम्ही महिनाभर भांडलो कशावरून? ते मला अजून सांगता येत नाही. तेव्हा मात्र घरात दोन राज्यं होती, परातीचं आणि फ्रीजचं, आणि हिरा दोन्हीकडं बघून डोळे मिटून घ्यायची.

पहिले पंधरा दिवस ती दूध पिली. काही गडबड नाही, उलटी नाही. पेला दोन्ही हातांत धरून, मधे थांबत, सगळा संपवायची. दुसऱ्या सोमवारी काट्यावर पाव किलो जास्त दिसलं आणि दत्तानं टाळी वाजवली. मी गच्चीवर जाऊन किटली उन्हात पालथी घातली आणि तिच्याशेजारी बसून राहिलो. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

मग मद्रासकडं वादळ आलं. तिकडं वादळ आलं की इथं आभाळ खाली येतं, चार-चार दिवस झिमझिम, ऊन नावाला नाही. मी भिजत जायचो, भिजत यायचो. त्याच आठवड्यात एका सकाळी हिरानं पेला ओठाला लावला आणि खाली ठेवला.

"वास येतोय."

"कसला?"

"काय माहीत. वास येतोय."

मी पेला उचलून हुंगला. मला आला नाही. दूध होतं, शेळीच्या दुधासारखं होतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं.

तिथून पुढचे दिवस मला नीट ओळीनं आठवत नाहीत, नुसते घासतानाचे आठवतात. कॉलनीच्या कोपऱ्यावर कोळशाची इस्त्री करणारा आहे, त्याच्याकडून मी राख आणली. केतकी म्हणाली, "आबा, प्लीज, सिंकमध्ये राख नको, पाइप तुंबतो." मग मागच्या नळावर घासत बसलो. चिंच रोज लावायला लागलो. नारळाच्या शेंडीनं किटलीचं पोट इतकं घासलं की त्यात माझं तोंड दिसायचं, लांबट, वाकडं. गच्चीवर ऊन पाण्याच्या टाक्यांमधून जरासं यायचं आणि सरकायचं, त्याच्यामागं मी किटली सरकवायचो. खालून केतकी ओरडायची, "आबा, वर पाऊस नाहीये का?" असायचा.

घरी मी प्रत्येकाला दूध हुंगायला लावलं. दत्ताला सर्दी होती. केतकी बाटली नाकाशी नेऊन म्हणाली, "आबा, शेळीच्या दुधाचा बरोबर वास कसा असतो तेच मला माहीत नाही. चुकीचा कसा ओळखू?" बरोबर बोलली. पण मला तिचा राग आला. रात्रंदिवस मनात एकच, की ज्याला वास येत नाही तो मी, आणि ज्या नाकाचा मला गर्व ते गेलं की काय? का हिराचंच नाक आजारानं बिघडलं? सोमवारी काट्यावर पाव किलो पुन्हा कमी झालं, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. दत्तानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होतो. भरती हा शब्द दोनदा आला.

मग मला बोकड आठवला. शेळ्यांजवळ बोकड बांधला तर त्याचा उग्र दर्प दुधाला लागतो, हे आमच्याकडं कुणालाही माहीत आहे. मुनियम्माचा काळा बोकड शेळ्यांच्या मधेच उभा असायचा. सापडलं! मी दुसऱ्या दिवशी तसाच तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. दूध न्यायला आलेल्या दोन बायका तिथं होत्या. त्यांच्यादेखत म्हणालो, "तुझ्या दुधाला वास आहे. बोकड मधे बांधतेस म्हणून. भांडं माझं स्वच्छ आहे, मला सांगू नकोस."

तिचा कासेवरचा हात थांबला. "इतक्या वर्षांत कुणी म्हणालं नाही, ताता."

"मी म्हणतोय."

त्या दोन बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मुनियम्मानं त्यांच्याकडं बघितलं नाही. मला विचारलं, "अज्जी पीत नाही?"

"नाही."

"स्वल्प पण नाही?"

"दोन घोट. मग तोंड फिरवते."

तिनं माझी किटली भरली. त्यानंतर दोन दिवसांनी बोकड तिथं नव्हता. खुंटीला नुसता दोर होता. मी मनात म्हणालो, बघा, ऐकलं शेवटी, दुसरीकडं बांधला. मोठ्या ऐटीत किटली घेऊन घरी आलो. हिरानं पेला ओठाला लावला आणि खाली ठेवला.

त्या दिवसानंतर मी दूध आणायला गेलो नाही. मुनियम्माला सांगायलाही गेलो नाही. काय सांगणार? वास अजून येतोय, आणि कशानं ते मला कळत नाही, असं? ते माझ्या तोंडातून निघालं नसतं. मी नुसता जायचा बंद झालो.

हिरा बरी झाली ती नाचणीच्या आंबिलीनं. इथं रागी घरोघर असते. केतकीनं शेजारच्या अक्कांना विचारून पातळ केली, ताक घातलं, जिरं घातलं, आणि हिरानं वाटी चाटून पुसून खाल्ली. भरती करायची वेळ आली नाही. संक्रांतीला ती अंगणात उभी राहून शेजारणीला तिळगूळ देत होती. मला आनंद झाला. झाला, खोटं नाही. पण आनंदाच्या आत एक खडा होता, की ती बरी झाली आणि माझ्या दुधानं नाही झाली.

उन्हाळ्यात केतकी किटली माळ्यावर टाकायला निघाली होती. तिनं हाक मारली, "आबा, जरा इकडे येता?" स्वयंपाकघरात तिच्या एका हातात झाकण होतं आणि दुसऱ्या हातात, चमच्याच्या दांड्यानं उपसून काढलेलं ते काळं रबर. रबराखालच्या खाचेत पिवळट, चिकट गर साचलेला होता. मी वाकलो आणि झटकन मागं सरलो. जुन्या तुपासारखा, शिळा, कुबट दर्प. तो माझ्या नाकालाही आला.

"हे निघतं, आबा," ती हळू म्हणाली. "दर वेळी काढून धुवायचं असतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

आमच्या पितळी किटलीला रबर नव्हतं. मला वाटलं, ते झाकणाचंच अंग आहे. राख, चिंच, ऊन, सगळं मी किटलीच्या पोटाला दिलं आणि झाकणावरून वरवर हात फिरवला. केतकी हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. रबर गरम पाण्यात टाकून तिनं विषय संपवला. तेव्हा हिरा बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढं बसली होती. टीव्हीचा आवाज बारीक होता. तिनं आमचं बोलणं ऐकलं की नाही, ते मला माहीत नाही. आणि सगळं तिथंच अडकलंय.

कारण परवा शेंगा घेऊन घरी आलो, त्या हिरानं सोलल्या. दाणे भिजत घातले. दुपारी आम्ही दोघं ते दाबून साली काढत बसलो होतो, इथल्या बायकांकडून ती हे शिकलीय. दाणा चिमटीत दाबला की साल हातात राहते आणि डाळ टुणकन उडते. कधी ताटात, कधी माझ्या सदऱ्यावर. मधेच तिनं खालीच बघत म्हटलं, "अवो, त्या दुधाला वास न्हवता."

"कुठल्या?"

"मागल्या सालच्या. शेळीच्या. वासबीस काय न्हवता त्याला."

माझा हात थांबला. "मग?"

"पाऊस लागला व्हता. तुमी भिजून यायचा. त्या पुलाखाली गाड्या कशा येत्यात, केतकीनं सांगितलं व्हतं मला. तुमी येईस्तोवर मी दाराकडं कान लावून पडायची. मग दूध खाली उतरंना. जाऊ नगा म्हनलं असतं तर ऐकलं असतं?"

"न्हाई."

"मग? म्हनलं, वास येतोय म्हनावं, म्हंजे बंद करतील. तर तुमी राखंचं पोतं आनलं." आणि ती हसायला लागली. पोटावर हात धरून, टाक्यांच्या जागी दुखेपर्यंत हसली.

मला हसू आलं नाही. ते रबर मी माझ्या नाकानं हुंगलेलं होतं. पहिले पंधरा दिवस रबर नवं होतं, तेव्हा ती पिली. मग त्याच्याखाली साचलं असणार आणि वास सुटला असणार. हे बरोबर बसतं. पण पाऊसही त्याच आठवड्यात लागला होता. तेही बरोबर बसतं. मग ती खरं कधी बोलली, तेव्हा का आता? तेव्हा खोटं बोलली आणि नेमका वास होता, असं झालं का? का वास तिला खरंच येत होता, उन्हाळ्यात तिनं स्वयंपाकघरातलं ऐकलं, आणि आता माझा मान राखायला ही गोष्ट रचली? पन्नास वर्षं तिच्याबरोबर काढली आणि मला हे ओळखता येत नाही. विचारावं, तर काय विचारू? रबराचं तू ऐकलं होतंस का, असं विचारलं आणि तिनं ऐकलेलं नसलं, तर मीच तिला सांगितल्यासारखं होतं. माझ्या भांड्यात घाण होती, आणि ती मी माझ्या हातानं तिला पाजली.

पण एक मात्र उलगडलं. रबर असो की हिरा असो, बोकडाचा काही दोष नव्हता. काल सकाळी मी मुनियम्माकडं गेलो. किटली नेली नाही.

धुकं होतं. तळ्यावरून गार वारं येत होतं. शेळ्या होत्या, पण एकीच्याही पायांत पिल्लू नव्हतं. या दिवसांत तिथं पिल्लांची नुसती उड्यांची धांदल असायची. मुनियम्मा फांद्या मोडत होती. मला बघून ती उठली आणि माझ्या रिकाम्या हातांकडं बघत राहिली.

"हालु इल्ला, ताता," ती म्हणाली. दूध नाही.

"का?"

"बोकड कुठं आहे? विकला ना. तुम्ही म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मला वाटलं, दुसरीकडं बांधलास."

"दुसरीकडं कुठं?" तिनं दोन्ही बाजूंच्या भिंतींकडं हात केला. "पावसाळ्यात चांगला बोकड मिळाला नाही. मग उशिरा भावाच्या गावी नेल्या शेळ्या. आता शिवरात्रीला वितील."

मी म्हणालो, "दुधाला वास नव्हता. तुला माहीत होतं?"

"गोत्तु." माहीत होतं. "दूध माझं आहे."

"मग विकला कशाला?"

ती फांद्यांकडं बघत म्हणाली, "अज्जी पीत नाही म्हणालात. मला वाटलं, माझं चुकत असेल तर? उगाच राहायला नको." मग एकदम खालच्या आवाजात तिनं विचारलं, "अज्जी… इल्ला?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. मग कळलं. मी जायचा बंद झालो, त्याचा तिनं तो अर्थ लावला होता. वर्षभर.

"आहे, आहे!" मी म्हणालो. "घरी आहे. चांगली आहे. शेंगा सोलते, हसते."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग जी सुरू झाली! अर्धं मला कळलं नाही, आणि जे कळलं ते लिहिण्यासारखं नाही. एक वर्ष, ताता, एक वर्ष, हे मात्र चार-पाच वेळा आलं. तोंड नव्हतं का सांगायला? पाय नव्हते का? बोलता-बोलता पदरानं डोळे पुसत होती. एक शेळी आमच्या मधे येऊन उभी राहिली आणि माझ्या धोतराचा सोगा चावायला लागली, तरी मी हललो नाही.

"तप्पु नंदु," मी म्हणालो. चूक माझी. कुठली चूक, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण आयुष्यात मी कुणाला हे म्हटलेलं आठवत नाही, आणि म्हटलं ते परक्या भाषेत. मराठीत म्हणता आलं असतं का, कोण जाणे.

घरी आलो. हिराला सगळं सांगितलं, बोकड विकल्याचं, शेळ्या उशिरा गाभण गेल्याचं, वर्षभर ती मेली असं मुनियम्मानं धरल्याचं. सांगताना मी तिच्या तोंडाकडं नीट बघत होतो. मला वाटलं, आता दिसेल. वासाचं ती तेव्हा खोटं बोलली असेल, तर बोकडाचं ऐकून तिचा चेहरा बदलेल. बदलला. पण असलं ऐकून कुणाचाही बदलला असता.

तिनं विचारलं, "वासाचं मी म्हनले व्हते, असं माजं नाव सांगितलं तिला?"

"न्हाई. चूक माजी म्हनलो."

"बरं केलं." मग म्हणाली, "शिवरात्रीला मला घिऊन चला तिच्याकडं. दत्ता गाडीनं सोडंल. तिच्याच चुलीवर, तिच्याच भांड्यात तापवून तिच्यासमोर पिते. बघू दे तिला."

"मी किटली धुऊन ठेवतो," मी म्हणालो. "उरलं तर घरी आनू."

"किटली नगं," ती पटकन म्हणाली.

"का?"

"उगं कशाला वझं?" आणि ती उठून आत गेली.

दोन लिटरच्या किटलीचं कसलं आलंय वझं? रबराचं तू ऐकलं होतंस का, हे ओठापर्यंत आलं होतं. मी विचारलं नाही.